सावलीतली रानहळद आणि सात महिने रिकामी दिसणारी कुंडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घरामागे आंबा आणि फणस, त्यांच्याखाली दिवसभर सावली, गवतसुद्धा धड येत नाही. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्यांनी मुळशीकडच्या त्यांच्या शेताच्या बांधावरचा रानहळदीचा गड्डा दिला. तुम्ही तो कुंडीत लावला, ऑगस्टमध्ये तुरा आला, घरादाराने फोटो काढले. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली म्हणून पाणी वाढवलं, खत घातलं. तरी डिसेंबरात सगळं झाड आडवं झालं. आता जानेवारीत कुंडी उपसली तर मधला भाग मऊ लागला, आणि मुळांच्या टोकांना दहा-बारा पांढऱ्या, बदामाएवढ्या गाठी मिळाल्या. त्या वेगवेगळ्या लावल्या तर दहा-बारा झाडं होतील का? आणि आंब्याखाली ही वनस्पती मुळात जगेल का?

आधी गाठींचं, कारण त्या तुम्ही आज-उद्या तोडून लावून बसाल. तोडू नका. त्या गाठींतून झाड येत नाही. बटाट्याला डोळे असतात, हळकुंडाला असतात, या गाठींना नसतात. त्या मुळांच्या फुगलेल्या टोकांशिवाय काही नाहीत. पावसाळ्यात पानांनी जे कमावलं ते पिठाच्या आणि पाण्याच्या रूपाने त्यांच्यात भरून ठेवलेलं असतं. ती शिदोरी आहे. जून उजाडला की नवा कोंब आधी तीच खातो. ती खाणारा डोळा मात्र मधल्या गड्ड्यावर असतो. गाठी वेगळ्या करून दहा कुंड्यांत लावल्या तर महिना-दोन महिने त्या तशाच टणक राहतात, आपल्याला वाटतं जमलं, आणि पावसाळा लागला की कुजतात. मी स्वतः हे दोन वर्षं केलंय. पहिल्या वर्षी मातीला दोष दिला होता.

आता तो मधला मऊ भाग. तो मऊ आहे एवढ्यावरून झाड गेलं असं समजू नका. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की लावलेलं जुनं बेणं हंगामअखेर सुरकुततं, पोकळ होतं, त्याला सोरा गड्डा म्हणतात. रानहळदीतही असंच. यंदाच्या खोडाच्या बुडाशी नवा गड्डा तयार होतो आणि जुना त्याच्या कडेला वाळत जातो. तेव्हा मऊ भागाच्या खांद्याला चाचपून बघा. अंगठ्याच्या पेराएवढा टणक भाग लागला आणि त्यावर मळकट पांढरं टोक दिसलं, तर तुमचं झाड शाबूत आहे. नखाने अगदी जरासं खरवडलंत तर आतून कोरडा, स्वच्छ गर दिसेल. पाणी सुटत असेल, आंबूस वास येत असेल, तर मात्र कुजकी जागा धारदार, पुसून घेतलेल्या पात्याने कापून टाका, कापल्या जागी चुलीतली राख किंवा ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) लावा, चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या आणि मग कोरड्या वाळूत ठेवून द्या. गाठी मुळांसकट जोडलेल्याच राहू देत. कुंडी कुठे ठेवू, पाणी किती घालू, असा पुढचा प्रश्न येईल. जिन्याखाली ठेवा आणि घालू नका.

इथेच रानहळदीची सगळी गोष्ट आहे. आपण बागवाले लोक पिवळं पान बघितलं की पाण्याचा पाइप उचलतो. रानहळद पाच महिने जमिनीवर राहते आणि सात महिने जमिनीखाली. सह्याद्रीत ऑक्टोबर सरला की पाऊस थांबतो, आणि पुढे मेपर्यंत त्या उतारावरच्या मातीत ओल नसते. ज्या काळात तुम्ही दिवसाआड पाणी घातलंत, त्या काळात तिच्या मूळच्या जागी लोक पायाने धूळ उडवत चालत असतात. तिचे गड्डे थंडीने मरत नाहीत, उन्हाळ्यानेही नाही. झोपलेल्या गड्ड्याला मुळं पाणी ओढत नाहीत, पानं उडवत नाहीत, त्यामुळे घातलेलं पाणी त्याच्याभोवती साचून राहतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. खताने तर आणखीच.

एका बंगल्यात मी पंचवीस गड्डे लावले होते. पहिल्या वर्षी अठरा तुरे आले, मालक खूश. नोव्हेंबरात मी माळीबुवांना सांगितलं की या वाफ्याला आता पाणी नको. ते हो म्हणाले. पण त्या वाफ्यातून ठिबकची नळी पुढे गुलाबांकडे गेली होती आणि तिच्या तोट्या बंद करायच्या हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही. जूनमध्ये पाच उगवले, तेही वाफ्याच्या कडेचे, जिथे पाणी पोचत नव्हतं. तेव्हापासून मी रानहळद कुठे लावायची हे ठरवताना ऊन-सावली नंतर बघते. आधी बघते की डिसेंबर ते मे त्या जागेवर कुणाचा पाइप फिरतो.

नावाचा घोळही लगेच मिटवू, कारण त्याच्यात पैसे जातात. रानहळद हे नाव आपल्याकडे दोन-तीन वनस्पतींना चिकटलेलं आहे. आयुर्वेदाच्या दुकानात त्या नावाने बऱ्याचदा सुगंधी कंदाची कर्क्युमा ॲरोमॅटिका मिळते. तुम्ही वर्णन केलंत, पिवळी फुलं आणि वर जांभळट गुलाबी शेंडा, ती कर्क्युमा स्यूडोमोंटाना. काही भागांत तिला शिंदळवाण म्हणतात. मोंटाना नावाची दुसरी हळद आधीपासून होती, तिच्यासारखी भासणारी पण ती नव्हे, म्हणून स्यूडोमोंटाना. जॉन ग्रॅहमने 1839 साली मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी छापली, त्यात हे नाव आलं. ही भारतीय द्वीपकल्पाची स्वतःची वनस्पती, सह्याद्रीची आणि पूर्व घाटाची. नर्सरीत 'रानहळद' म्हणून हातात ठेवतात ती अनेकदा सयाम ट्युलिप असते. लांब सरळ दांड्यावर कमळासारखी गुलाबी फुलं, पानं अरुंद. ती थायलंडकडची. वाईट नाही, पण तुमच्या आंब्याखाली ती नाराज राहील, तिला ऊन लागतं. आणि जूनच्या पहिल्या पावसात, पानं यायच्या आधीच जमिनीतून थेट जांभळट गुलाबी फुलं वर आली असतील, तर ती तिसरीच, कर्क्युमा इनोडोरा. तीही आपलीच, आणि तिचं वेळापत्रकही साधारण हेच.

मातीखालून ओळखायचं तर रानहळदीला आपल्या हळदीसारखी बोटांएवढी हळकुंडं नसतात. छोटा गड्डा, त्याला लांब मुळं, मुळांच्या टोकाला बदाम. तुम्हाला जे मिळालं तेच.

आता तिच्या पाच महिन्यांकडे येऊ. मेअखेरीस वळीव पडतो, माती एकदा खोलवर भिजते, आणि रोहिणी-मृगाच्या सुमारास गुंडाळलेल्या पानांचं हिरवं टोक वर येतं. तुरे दोन प्रकारे येतात आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हंगामाच्या सुरुवातीचे तुरे पानांच्या बाजूने, वेगळ्या दांड्यावर, जवळजवळ जमिनीतूनच निघतात. नंतरचे, श्रावण-भाद्रपदातले, पानांच्या मधोमध, खोडाच्या आतून वर येतात. पहिले गवतात लपतात. म्हणून जुलैमध्ये वाफा साफ करताना खुरपं जपून चालवा. माझ्या एका सहकाऱ्याने असे चार तुरे कोंब समजून उपटले होते.

तुरा आपल्याला फूल वाटतो, पण ते फूल नाही. एकदा सकाळी सातच्या सुमाराला पाऊस थांबलेला असताना गुडघे टेकून बसा. खालची हिरवी दलं एकमेकांना कडेने चिकटलेली असतात आणि त्यांचे खिसे झालेले असतात, एखाद्या जुन्या कोटाला असावेत तसे, पण चारी बाजूंनी. प्रत्येक खिशात रात्रीचं पाणी भरलेलं असतं. बोटाने तुरा कलता केलात तर ते सांडतं. कळ्या त्या पाण्यातच वाढतात. वरची गुलाबी दलं वांझ असतात, त्यांच्या खिशात काही नसतं, त्यांचं काम दुरून दिसणं एवढंच. खरं फूल खिशातून डोकावतं, गडद पिवळं, बोटाच्या टोकाएवढं. त्याची जी रुंद पाकळी म्हणून आपण बघतो ती खरं तर रूप बदललेले पुंकेसर आहेत. खरा पुंकेसर एकच. त्याच्या परागकोशाला खालून दोन बारीक शिंगं असतात. माशी मधासाठी आत डोकं घालते, शिंगांवर दाब पडतो आणि परागकोश तरफेसारखा कलून तिच्या पाठीवर टेकतो. काडेपेटीतल्या काडीने हे करून बघता येतं, मुलांना जरूर दाखवा. माझ्या बागेत हे काम करताना मी बहुतेक वेळा निळ्या पट्ट्यांची माशी पाहिली आहे, जी फुलापाशी थांबत नाही, गुणगुणत घिरट्या घालत आत शिरते. एक फूल एका दिवसाचं. संध्याकाळी ते खिशातच विरघळल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खिशातून दुसरं येतं. म्हणून तुरा दोन-तीन आठवडे ताजा वाटतो.

तुरा कापून फुलदाणीत ठेवू का, असं विचारणारे असतात. पहिल्या दोन वर्षांत नको. नंतर गौरी-गणपतीत एखादा घ्या. पान मात्र कापू नका, गाठी भरण्याचं काम पानंच करतात. आणि पातोळ्यांसाठी याची पानं घ्यायचा मोह झाला तर घरची हळदच वापरा, तो वास हिला नाही.

तुमच्या जागेबद्दल. जंगलाची फुलं म्हटलं की लोकांना गर्द अंधार डोळ्यांपुढे येतो. घाटात रानहळद कुठे दिसते ते आठवून बघा: रस्त्याकडेचा उतार, पायवाटेची कड, झाडं जरा विरळ झालेली जागा, बांध. ऐन दाट झाडीत पानं येतात, तुरे फारसे येत नाहीत. तिला कवडसे हवेत. आंब्याचं झाड बारमाही घट्ट सावली धरतं. फणसही. त्यामुळे बुंध्याशी लावू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो, पावसाचं पाणी जिथे पागोळ्यांसारखं ठिबकतं, त्या रेषेच्या थोडं आत लावा. तिथे सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि उरलेला दिवस सावली मिळते. तशी जागा नसेल तर आंब्याच्या खालच्या दोन-तीन फांद्या छाटून उजेड खाली येऊ द्या. उन्हाळ्यापूर्वी, मोहोर-फळ बघून, जाणत्या माणसाकडून.

इमारतीची सावली झाडाच्या सावलीपेक्षा वेगळी, हेही सांगून ठेवते. उत्तरेकडच्या भिंतीलगत उजेड चांगला असतो आणि ती रानहळदीला आवडते. फक्त वर सज्जा किंवा गच्चीचा छज्जा नको. पावसाळाभर तिथे थेंब पडत नाही आणि आपल्याला वाटतं की एवढा पाऊस चाललाय, पाणी कशाला.

आंब्याखाली दुसरी अडचण मुळांची. आंब्याची बारीक मुळं वरच्या वीतभर मातीत जाळं करतात आणि तिथे खणलं की त्यांनाही इजा, आपल्यालाही वैताग. मी तिथे खड्डे खणतच नाही. दगडांची सैल ओळ रचून वर सहा ते आठ इंच उंचीचा वाफा करते. बुंध्याला माती टेकू द्यायची नाही, तिथून तीन-चार फूट सोडायचे. माती म्हणाल तर पुण्याची काळी माती जशीच्या तशी घेतलीत तर काम बिघडेल, ती जुलैत चिखल होते आणि मार्चमध्ये भेगाळते. दोन घमेली पोयटा किंवा लाल माती, एक घमेलं बारीक मुरूम, एक घमेलं कुजलेला पालापाचोळा, अर्धं घमेलं जुनं शेणखत. पाणी ओतून बघा, डबकं राहता कामा नये. वर आंब्याचीच वाळलेली पानं दोन-तीन बोटं पसरा. लोक ती पानं गोळा करून जाळतात आणि मग बाजारातून आच्छादन विकत आणतात.

गड्डा तीन बोटं खोल, डोळा वर, दोन गड्ड्यांत हातभर अंतर. सांगली-साताऱ्याकडे हळदीची लागवड अक्षय्य तृतीयेला करायची रीत आहे. शेतकऱ्याकडे पाण्याची सोय असते म्हणून ती चालते. बागेतल्या रानहळदीला मी रोहिणी लागल्यावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात मातीत घालते, आणि पाणी पावसाच्या हाती सोपवते. जून कोरडा गेला तरच एकदा भिजवते.

पावसाळ्यात पाणी घालायचं असतं हे ऐकून लोक हसतात. पण पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस, आणि महाबळेश्वरात 5500 च्या पुढे. ऑगस्टमध्ये पुण्यात आठ-दहा दिवस पाऊस दडी मारतो, वारा सुटतो, आणि नेमका तेव्हा तुरा वर येत असतो. पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या व्हायला लागल्या की ओळखायचं. अशा वेळी दर तिसऱ्या दिवशी सकाळी खोल पाणी. कोकण-गोव्याकडच्या मंडळींना याची गरज नाही, त्यांची काळजी निचऱ्याची. सप्टेंबरअखेर, हस्त सुरू झाला की हात आखडता घ्या. पानं पिवळी पडू देत. हिरवट पान ओढून काढू नका, ते पूर्ण वाळून हातात सुटून आलं तरच.

रोगकिडी फार नाहीत. शेंड्याचं एकच पान वाळलं आणि खोडावर बारीक भोक आणि भुसा दिसला तर खोडकिडा. तेवढं खोड कापून नष्ट करा. पान गुंडाळून आत हिरवट अळी बसलेली सापडली तर ती बहुधा ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची, जे हळदीच्या कुळावरच वाढतं. तिला राहू द्या, चार पानं खाईल. शंखी गोगलगायींना मात्र दया दाखवू नका. त्या कोवळा तुरा एका रात्रीत संपवतात. रात्री बॅटरी घेऊन जायचं आणि वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ वाफ्यात टाकू नका. शेतघराला कुंपण नसेल तर रानडुक्कर आणि साळिंदर या गाठींसाठीच येतात, त्यावर माझ्याकडे जाळीशिवाय उपाय नाही.

हिवाळ्यात वाफा रिकामा दिसतो आणि घरच्यांना वाटतं जागा फुकट गेली. तिथे कुणीतरी शेवंती खोचतं, तिला रोज पाणी घालतं, आणि खालची रानहळद जाते. म्हणून प्रत्येक गड्ड्यापाशी मी हातभर बांबूची काडी रोवते आणि वाफ्याच्या कडेला चार काळे दगड. त्याच वाफ्यात सोबत द्यायची तर हिच्यासारखीच झोपणारी द्या. तेरडा, जो बी टाकून मरतो. शेवळ्याचे कंद, जे मृगात वर येतात. कडेला थोडी ऊन लागणारी जागा असेल तर कळलावी, पण घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर नको, तिचा कंद जहरी आहे. पेव लावायला हरकत नाही, फक्त ते माणसाच्या उंचीचं होतं आणि पसरतं, म्हणून मागच्या रांगेत. (पेव म्हटलं की सांगलीकडच्या माणसाला हळद साठवायचं जमिनीतलं कोठार आठवतं. हरिपूरची पेवं प्रसिद्ध होती. आपल्या भाषेत हळदीच्या शेजारी पेव असतंच, या ना त्या अर्थाने.)

शेवटी वाढवायचं कसं. तुम्हाला दहा झाडं हवी आहेत, तर धीर धरा. वाचलेला एक गड्डा यंदा वाढला तर तिसऱ्या वर्षी दोन-तीन डोळ्यांचा गुच्छ होतो. मेमध्ये, झोप संपत आलेली असताना, तो काढून प्रत्येक डोळ्याबरोबर तीन-चार गाठी राहतील असा वेगळा करायचा. बी धरलं तर ते खालच्या खिशांत, तुरा कुजायला लागल्यावर सापडतं. ते साठवून न ठेवता ताजंच सावलीतल्या ट्रेमध्ये पेरा. फूल दिसायला आणखी दोन-तीन पावसाळे जातील.

ताम्हिणीला गेल्यावर रस्त्याकडेचे चार गड्डे उचलून आणू का, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. नको. अभयारण्यातून किंवा राखीव वनातून झाड उपटणं हा गुन्हा आहे, ते एक. आणि पावसात फुललेलं झाड उपटलं की त्याच्या गाठी तुटून मातीतच राहतात आणि तुमच्या हातात येतो तो उपाशी गड्डा, जो पुढचा जून बघत नाही. ज्यांनी बांधावरचा पहिला गड्डा दिला त्यांच्याकडेच मेमध्ये पुन्हा जा. त्यांना नेमकी जागा आताच विचारून घ्या आणि काडी रोवायला सांगा, कारण मेमध्ये तिथे काहीच दिसणार नाही.